शेवंतीचं कॉलेज

शेवंती मॅट्रिक झाली ते साल १९५३. निकाल लागला त्याच दिवशी तिचे वडील तानाजी तिला घेऊन सुमतीबाईंकडे आले. तानाजी कल्याणच्या रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांच्या कामावरचे मदतनीस, होते, बिऱ्हाड विठ्ठलवाडीला. सुमतीबाई शेवंतीला शाळेत इंग्रजी शिकवायच्या.

"पोरगी म्हणती, ठाण्याच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण मिळतं, तिकडं जाते," तानाजी म्हणाले. "तुमी सांगाल तसं करू."

"नर्स? एवढी हुशार मुलगी आणि रात्रंदिवस लोकांची उस्तवार करणार? कॉलेजात घाला. बी.ए. होऊ दे."

शेवंती चाचरत म्हणाली, "पण बाई, मला ते काम आवडतं. आईच्या टायफॉइडला मीच तर..."

"अगं, ते घरचं झालं. तुला अजून जग कळायचंय."

 सुमतीबाईंना स्वतःला कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या दिवशी हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवंती मुंबईच्या कॉलेजात गेली. तिथं सगळं इंग्रजीत. तर्कशास्त्राच्या तासाला ती नुसती फळ्याकडे बघत बसायची. पहिल्याच वर्षी नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. एकदाही बाईंना भेटायला आली नाही. बाईंना हे दुसऱ्याच मुलीकडून कळलं.

तेव्हापासून लोकोशेडकडून येणारे खलाशी दिसले की सुमतीबाई रस्ता बदलायच्या. पण एकदा बाजारात शेवंतीची आई, गंगुबाई, समोरच आली. तिने परसातली मेथीची जुडी बाईंच्या पिशवीत घातली.

"तुमी चांगलंच सांगितलं व्हतं, बाई. आमच्याच पोरीला झेपलं न्हाई. आता गावाकडं स्थळ बघतोय."

 घरी येऊन सुमतीबाईंनी ती मेथी निवडली, भाजी केली आणि पहिल्याच घासाला ताट सरकवलं. गंगुबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्या रविवारी त्या विठ्ठलवाडीला गेल्या. तानाजींनी खाट पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"शेवंतीला ठाण्याला पाठवा. नर्सच्या शिक्षणाला."

तानाजी खाली बघत म्हणाले, "बाई, तवा तुमचं ऐकलं. आता परत तुमचंच ऐकू?"

"माझं ऐकू नका. तिचं ऐका. तेव्हा ती सांगत होती आणि मी तिला बोलू दिलं नाही. ती नापास झाली नाही, तानाजीराव. मी तिला चुकीच्या दारात उभं केलं."

"असं कसं बोलता, बाई," गंगुबाई कळवळून म्हणाली.

चुलीपाशी बसलेली शेवंती उठली. तिने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. वडिलांना म्हणाली, "दादा, मी जाते. या वेळी मला जाऊ द्या."

तानाजींनी शेवंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाईंनी संगं जावं. तिथल्या मोठ्या बाईला काय झालं ते सांगावं."

ठाण्याच्या इस्पितळात नर्सेसच्या प्रमुख मेट्रनने विचारलं, "मधली दोन वर्षं काय करत होतीस?"  सुमतीबाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता.  मेट्रनने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शेवंतीला आत बोलावलं.

शेवंतीला प्रवेश मिळाला. ती शिकली, पहिल्या वर्गात पास झाली आणि तिथंच नोकरीला लागली. लग्नही पुढे तिच्या पसंतीने झालं. लग्नात तिने सुमतीबाईंना वाकून नमस्कार केला, जेवायला आग्रह केला, "बाई, जपून जा" म्हणाली. सगळं रीतसर.

पण शाळेत असताना ती मधल्या सुट्टीत उगाच स्टाफरूमच्या दाराशी यायची, काहीबाही सांगत उभी राहायची, ते पुन्हा कधी झालं नाही. सुमतीबाईंनीही तिला घरी बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलवावं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.