दादाची कबुली

ठकूने गादीची शिवण उसवायला घेतली तेव्हा दादा खुर्चीत मान टाकून बसला होता. सोफ्यांच्या खोळी शिवून पोट भरणाऱ्या बाईचा हात तो. टाके भराभर सुटत गेले. आतला कापूस तिने मूठमूठ काढून चाचपला.

"कुठे लपवल्यास गोळ्या, दादा?"

"नाही लपवल्या." त्याची जीभ जड झाली होती. ओठाच्या कडेने लाळ गळत होती आणि खोकला आला की तो अख्खा हलत होता.

डोकं ताळ्यावर ठेवणारी त्याची गोळी ती रोज स्वतः त्याच्या हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पण मागे एकदा याच माणसाने गोळ्या गालात धरून साठवल्या होत्या आणि एकदम घेतल्या होत्या. तेव्हा तो वाचला. ठकूची धास्ती मात्र गेली नाही. ताप तिलाही दिसत होता, पण नुसत्या तापाने माणूस असा झिंगत नाही, एवढं तिला कळत होतं.

ती उशीकडे वळली. मग दुसऱ्या उशीकडे.

"ठकू," दादा म्हणाला, "घेतल्या मी."

दवाखान्यात नेईपर्यंत ती त्याला नको नको ते बोलली, आणि तिथे पोचल्यावर तिने अबोला धरला. त्याला भरवायची, तोंड पुसायची, पण शब्द नाही.

दादाची छाती मोकळी होऊ लागली तशी डॉक्टरबाईंनी ठकूला बाहेर बोलावलं.

"जास्तीच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत त्यांनी."

"तो स्वतः म्हणालाय."

"म्हणू देत. एकदम घेतल्या असत्या तर रक्तातलं औषध लगेच उतरायला लागलं असतं. इथे नर्स अर्धीच गोळी देत होती, तरी रक्तातलं प्रमाण हलेना. न्यूमोनिया ओसरला, तेव्हा कुठे तेही उतरलं." त्या बाकावर बसल्या. "औषध मोडून काढायचं काम यकृतातली एन्झाइम्स करतात. शरीरात एवढा दाह असला की ती मंदावतात. गोळी रोजचीच, पण कालची संपायच्या आत आजची येऊन पडते. साचत जाते."

"म्हणजे मीच देत होते..."

"आम्ही सांगितली तेवढीच दिलीत तुम्ही. पुढच्या वेळी छाती भरली की आधी आम्हाला फोन करा. पूर्ण बरे झाले की गोळी पुन्हा पूर्वीएवढी करू."

त्याला मरायचं नव्हतं. ठकू भिंतीला टेकली आणि पोटभर रडली. मग तिला स्वतःची लाज वाटली.

आत दादा आपल्या हाताने सूप पीत होता.

"इतके दिवस तोंडाला कुलूप," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याबरोबर तुझीही जीभ जड झाली."

ठकू हसली नाही.

"घेतल्या नव्हत्यास, तर हो का म्हणालास? माझी कटकट थांबावी म्हणून?"

दादाने चमचा खाली ठेवला.

"नाही गं. आधी वाटलं, नाही घेतल्या. पण डोकं चालत नव्हतं, आणि तू शोधायची थांबेनास. म्हटलं, ठकू एवढं म्हणतेय, म्हणजे घेतल्याच असतील मी."

ठकू त्याच्या खाटेवर बसली.

"नाही घेतल्यास," ती म्हणाली. मग त्याला नीट पटावं म्हणून तिने ते पुन्हा सांगितलं.