शंकापेटीची किल्ली

मित्रांनो, मी महाडच्या एका कॉलेजातली जुनी शंकापेटी आहे. १९९८ च्या जुलैत मुरारी सुतारांनी फणसाच्या फळ्यांतून मला घडवलं. त्या वर्षी ललिता मॅडमनी नव्या मुलांसाठी दर शनिवारी ओळखवर्ग सुरू केला होता. वाचनालयाचं कार्ड कसं काढायचं, एसटीच्या पासाचा अर्ज कुठे द्यायचा, तासाला टिपणं कशी घ्यायची, हे त्या समजावत. जे तोंडाने विचारवत नाही ते नाव न घालता लिहावं, म्हणून मला पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर टांगलं.

पण मुलं माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून येणारी शर्मिला मैत्रिणीला म्हणाली, "नको गो ज्योती. नाव नाय घातलं तरी अक्षर वळखतील. किल्ली तर शिपायाकडं हाय."

तीन आठवडे माझ्या पोटात फक्त शेंगांची टरफलं पडली. चौथ्या आठवड्यात शर्मिलानेच आजूबाजूला बघत चिठ्ठी टाकली. 'इंग्रजीच्या तासाला काहीच कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी येणार नाही.'

शिपाई रावजींनी ती भोळेपणाने शिक्षकांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी यंदाच लागलेले इंग्रजीचे तरुण सर ती हातात नाचवत वर्गात आले. "कुणाची ही? उभं राहा!"

कुणीच उठलं नाही. त्या दिवसापासून मात्र जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. ज्योतीनेच आपल्याला चिठ्ठी टाकताना पाहून सरांना पेटीचं सांगितलं, असं शर्मिलाला वाटलं. दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या. मला माझीच लाज वाटली.

मॅडमना हे कळलं. शनिवारी त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "आजपासून ही तुमच्याकडे. चिठ्ठ्या तुम्हीच काढा, तुम्हीच फळ्यावर उतरवा."

बराच वेळ कुणी हात लावेना. शेवटी शर्मिलाने किल्ली उचलली. तरी ती पुटपुटलीच, "दुसरी किल्ली असंल तर?" रोज घरी जाताना ती डब्यातल्या भाताने माझ्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवी आणि सकाळी येऊन तपासून बघे. पट्टी कधी फाटली नाही. हळूहळू चिठ्ठ्या वाढल्या.

सप्टेंबरात एक चिठ्ठी निघाली. शर्मिलाने ती मोठ्याने वाचली. 'मीही इथे यंदाच आलो. मराठीतून समजावलं तर मुलं मला कच्चा समजतील, अशी भीती वाटते. तसं शिकवलेलं चालेल का?'

खाली नाव नव्हतं. पण ती इंग्रजीच्या सरांची, हे सगळ्या वर्गाने ओळखलं. मागून कुणीतरी हसलं.

"हसू नका रे," शर्मिला म्हणाली. "लिवायला किती भ्या वाटतं, मला म्हायती हाय."

ज्योतीने चमकून तिच्याकडे पाहिलं; पहिली चिठ्ठी कुणाची ते तिला आत्ता कळलं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं हे शर्मिलालाही. मग उठली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'चालेल.'

दिवाळीनंतर शर्मिला आली. ज्योतीने सरकून तिला बाकावर जागा दिली.

पुढे मॅडमची बदली झाली. ओळखवर्गाच्या जागी सभागृहात एक दिवसाचं भाषण आलं. मी आता अडगळीच्या खोलीत आहे. 'मोकळेपणाने विचारा' असं वक्ते सांगतात ते मला इथवर ऐकू येतं, आणि मुलं का गप्प बसतात तेही मला ठाऊक आहे.

मित्रांनो, नवखं कुणी तुमच्याकडे संशयाने बघत असेल तर रागावू नका. त्याने भीतभीत सांगितलेलं चारचौघांत नेऊ नका. एवढं जपलंत तर तो उद्याही येईल.