हळदीच्या दुकानातली पिवळी

मी पिवळी बोलतेय. जन्माने पांढरी मांजर. पण बेगम बाजारात, लक्ष्मणरावांच्या घाऊक हळदीच्या दुकानात वाढले, म्हणून अंगभर पिवळी. माझे डोळे उघडायच्या आधीपासून त्या घरात एक नियम होता: आजारी मांजर उंबऱ्याच्या आत मरू द्यायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

"घरात मांजर मेलं की सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं," लक्ष्मणरावांची बहीण भामाआत्या सांगायची. म्हणून मांजर मलूल झालं की त्याला बारदानाच्या पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड सुतळीने बांधायचं आणि मुसी नदीच्या पुलापलीकडे सोडून यायचं. माझी आई तशीच गेली. बारदानातून ती ओरडत होती आणि दुकानात सगळे म्हणत होते, "सुटली बिचारी!" तेव्हापासून मोठ्यांनी कुणाला बिचारी म्हटलं की माझी नखं बाहेर येतात.

बाकी माझं बालपण म्हणाल तर नुसती चंगळ. पोत्यांच्या थप्पीवर ऊन, थप्पीमागे उंदीर. गिऱ्हाईक आलं की मी मध्येच आडवी पडायची. एक सेठ माझ्या पाठीवरून बोट फिरवून म्हणाला, "लक्ष्मणराव, रंग तो अच्छा हय. नमूना हय क्या ये?" लक्ष्मणराव पोट धरून हसले आणि त्या दिवशी मला दुधावरची साय मिळाली. माणसं वाईट नव्हती हो. फक्त नियमापाशी आली की त्यांचं डोकं बंद पडायचं.

दुकानासमोर ट्रक लागायचे. ट्रकखालच्या कुत्र्यांशी माझं रोजचं भांडण. त्यातूनच कधीतरी एक गोचीड माझ्या कानामागे येऊन बसली. दसरा झाला आणि मला ताप आला. उंदीर नाकासमोरून, अगदी सावकाश, फिरायला निघाल्यासारखे जाऊ लागले. माझे कान आतून पिवळे झाले, हिरड्या पिवळ्या झाल्या. कुणाला काही वाटलं नाही. हळदीच्या दुकानात पिवळं काय दिसत नाही?

शनिवारी लक्ष्मणरावांची नात अश्विनी हॉस्टेलवरून घरी आली. जनावरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिने ओलं फडकं घेऊन माझा कान पुसला, पुन्हा पुसला.

"आजोबा, फडकं पिवळं झालं, तरी कान पिवळाच आहे."

"आपल्या हळदीचा रंग आहे तो," लक्ष्मणराव छाती फुगवून म्हणाले. "इतक्यात जायचा नाही."

"आणि हिरड्या? त्यांना काय तुम्ही आतून हळद लावली?"

"चाटली असेल."

"कावीळ आहे ही, आजोबा!"

भामाआत्या जिन्यावरूनच म्हणाली, "कावीळ असो नाहीतर काही असो. मान टाकलीय तिनं. मंगळवारी पुलापलीकडे सोडून येऊ."

"नक्को," अश्विनी म्हणाली. मला उचलून तिने कॉलेजच्या बॅगेत ठेवलं, चेन अर्धी उघडी ठेवली आणि स्कूटर काढली. बारदानात आणि बॅगेत काय फरक असतो, ते मला तेव्हा कळलं. बॅगेतून बाहेर बघता येतं.

कॉलेजात पद्मावती मॅडमनी कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, त्यावर जांभळा रंग ओतला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अश्विनीने डोळा लावला. माझ्या तांबड्या पेशींच्या आत बारीक जांभळे ठिपके जोडीजोडीने बसले होते. गोचिडीच्या तोंडून आलेले परजीवी. न विचारता घुसायचं, घरातलं खायचं आणि जाताना घरच फोडायचं, असा त्यांचा धंदा.

मग मॅडमनी डब्यातून दुसरी काच काढली. "चूडम्मा, देख, ये तेंदुए का खून है. इसमें भी वहीच बैठे हैं."

बिबट्या! शहराबाहेर जखमी सापडलेला खराखुरा बिबट्या! अंगात ताप होता, पण माझ्या मिशा ताठ झाल्या. मला झालेला आजार त्या साहेबांनाही होतो. उंदरांनो, ऐकलंत का?

"बचेगी, मॅडम?"

"दवा दो. खाना खाई तो बचेगी."

अश्विनी हॉस्टेलवर गेलीच नाही. गोळी कुटून, पाण्यात कालवून ती माझ्या गालात सोडायची, मी ती तिच्याच ओढणीवर थुंकायची, ती पुन्हा सोडायची. रविवार गेला, सोमवार गेला. मी काही खाल्लं नाही.

मंगळवारी सकाळी भामाआत्या बारदान घेऊन आली. लक्ष्मणराव सुतळी घेऊन उभे राहिले.

"अश्वे, हट्ट पुरे. परंपरा आहे ही."

अश्विनी बारदानावरच जाऊन उभी राहिली. "नाही नेऊ देणार. मरायचीच असेल तर इथे मरेल, माझ्या मांडीवर. पाप लागलं तर मला लागू दे. पण आधी एक सांगा. आजवर पुलापलीकडे सोडलेल्या मांजरी पुढे कशा मेल्या, ते तुमच्यापैकी कुणी कधी मागे वळून पाहिलंय?"

भामाआत्या वाकून बारदानाचं टोक ओढायला लागली.

त्यासरशी माझ्या नाकात बारदानाचा वास शिरला. आईला नेलं होतं, त्याच थप्पीतलं बारदान. मी धडपडत उठले. अश्विनीच्या पायांमधून पुढे झाले, नखं बाहेर काढली आणि ते बारदान ओरबाडायला लागले. एक धागा तुटला, मग दहा. दमून मी तिथेच बसले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. बशीतलं दूध मी सगळं संपवलं.

आज मी ठणठणीत आहे. त्याच बारदानाच्या चिंध्यांवर झोपते. दर महिन्याला अश्विनी माझ्या कानामागे गोचीड शोधते आणि मी तिला बोचकारते. तुमच्या घरी मांजर असेल तर तिचा ओठ उचलून हिरडी एकदा बघा, एवढंच माझं मागणं. बोचकारेल. बोचकारू द्या.

परवा तो जुना सेठ आला. माझ्या आजाराचं त्याने बाजारात ऐकलं होतं. मला बघून म्हणाला, "अरे, ये जिंदा हय? तुम्हारे घर का वो कायदा क्या हुआ, लक्ष्मणराव?"

लक्ष्मणरावांनी भामाआत्याकडे पाहिलं. भामाआत्याने माझ्याकडे पाहिलं. मी सावकाश पंजा पुढे केला, एकेक नख बाहेर काढलं आणि चाटायला लागले.