शून्य ठेवल्यास पेटी बंद

“पावणं, सांगून कुणाचा इश्वास बसायचा न्हाय, पण त्या दिवशी मशीन माझ्यासंगं बोललं. तोंडानं. मराठीत.”

एवढं बोलून धैर्यशीलनं बशीतला चहा ओढला आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते पाहिलं. पाहुणे म्हणजे निपाणीचे विजयसिंह. लग्नाच्या शूटिंगचा त्यांचा धंदा, एका स्टुडिओचे तीन करायला निघालेले. मंगळवार पेठेत गणपतरावांच्या स्टुडिओत ते माणूस मागायला आले होते. गणपतरावांनी मोकळेपणानं सांगितलं होतं, मशीनची जाणकार माणसं माझ्याकडं दोन. एक हा धैर्यशील आणि दुसरी अक्षता. तुमची मशिनं जोडून द्यायला आणि पुढं सांभाळायला कुणाला न्यायचं ते तुम्हीच ठरवा. असं म्हणून ते घरी जेवायला गेले. अक्षता कामासाठी पन्हाळ्याला गेलेली. मैदान मोकळं होतं.

धैर्यशीलला निपाणीला जायचंच होतं. पगार वाढेल म्हणून नव्हे. निपाणीत अजून ते पुस्तक पोचलं नव्हतं म्हणून.

त्या पुस्तकाची कथा कळल्याशिवाय मशीन काय बोललं याला काही अर्थ नाही, तेव्हा ती आधी.

गणपतरावांच्या शाखा तीन. मंगळवार पेठ, कुरुंदवाड, आणि पन्हाळा. कारण लग्न ठरलेली जोडपी बुरुजावर उभं राहून एकमेकांकडं बघायला हल्ली तिथंच जातात. तिन्हीकडं एकेक मशीन, पण तिन्ही मिळून कपाट एकच. एखाद्या लग्नाचं शूटिंग त्यात टाकलं की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा तिन्ही गावांत जाऊन बसतो. एका गावचं मशीन जळून कोळसा झालं तरी नवरी शाबूत. हे कपाट उभं केलं धैर्यशीलनं. त्याचं इंग्रजी मॅन्युअल होतं, पण ते वाचण्यापेक्षा धैर्यशीलला फोन लावणं सगळ्यांना सोपं वाटायचं. मग तो यायचा, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा स्क्रीनकडं बघत बसायचा, ‘हं’ म्हणायचा आणि कुठलातरी आकडा बदलायचा. कुठला, ते सांगायचा नाही. ज्ञान दिल्यानं वाढतं म्हणतात. धैर्यशीलचा अनुभव असा, की न दिल्यानं जास्त वाढतं.

मग अक्षता आली. कामाला लागली आणि वर्षाच्या आत तिनं सगळ्या सेटिंगचं मराठी पुस्तक लिहून काढलं. कुठला आकडा कशाचा, वाढवला तर काय होतं, कमी केला तर काय होतं. पिवळं कव्हर घालून एकेक प्रत तिन्ही शाखांत ठेवली, आणि धैर्यशीलचा फोन मेला. रिचार्ज संपलं की काय म्हणून त्यानं दुकानात जाऊन विचारलं. संपलं नव्हतं. भर लग्नसराईत कुरुंदवाडची शाखा सांभाळणाऱ्या भाऊसोचा एक फोन आला, तोही खिशात दबून चुकून लागलेला. गणपतराव तर येईल त्या गिऱ्हाइकाला पुस्तक दाखवायचे, जणू घरातल्या पोरीचा दहावीचा निकाल. त्या दिवसांत धैर्यशीलच्या पोटात असली आग होती, की शेजारी ठेवलेला चहा म्हणे संध्याकाळपर्यंत गार व्हायचा नाही.

शेवटी तोही पुस्तक वाचायला बसला. शिकायला नव्हे, चुका काढायला. आधी ऱ्हस्व-दीर्घ सापडले. त्यानं भागेना. मग तो एकेक वाक्य घ्यायचा आणि मशीनवर लावून बघायचा. पुस्तक म्हणतंय तसं मशीन वागतंय का? मेलं दरवेळी तसंच वागायचं. पुस्तकाला सामील असल्यासारखं.

आणि एके दिवशी सापडलं. कचरापेटीच्या पानावर वाक्य होतं, ‘मुदत शून्य ठेवल्यास कचरापेटी बंद राहते.’ नको असलेलं शूटिंग आधी या पेटीत पडतं आणि मुदत संपली की कायमचं जातं. धैर्यशीलनं एक बिनकामाची क्लिप घेतली, मुदत शून्य केली आणि क्लिप पेटीत टाकली. ती पेटीत पडलीच नाही. टाकल्या टाकल्या नाहीशी झाली. म्हणजे शून्य केल्यावर मशीन पेटीच काढून टाकत होतं. अक्षतानं इंग्रजीतून शब्दाला शब्द बरोबर आणला होता, पण मराठीत येता येता वाक्य फिरलं होतं. खात्री करायला त्यानं घरी बायकोला, मोनाला विचारलं, पेटी बंद हाय म्हटल्यावर तू काय समजशील. ती म्हणाली, आतलं भाईर जायाचं न्हाय, आनि काय समजायचं.

त्या रात्री धैर्यशील दोन भाकरी जास्त जेवला.

अक्षता त्याच्या समोरच्याच टेबलावर बसायची. ‘ह्यो शब्द बदल’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण गालात गुळाचा खडा धरावा तसं त्यानं ते वाक्य धरून ठेवलं. विरघळू दे हळूहळू. कुणीतरी पडेलच खड्ड्यात, आणि खड्डा तिनं खणलाय.

पडला भाऊसो. लग्नाची फिल्म कापून गिऱ्हाइकाला दिली की महिन्याभरानं एखादं माणूस येतं, आमच्या आत्याला का कापली म्हणून. म्हणून भाऊसो सगळं मूळ शूटिंग पेटीत टाकून ठेवायचा. वेळ आली तर परत काढता येतं. पण मुदत संपून पेटी रिकामी झाली तर, ही त्याला धास्ती. त्यानं पुस्तक उघडलं. शून्य ठेवल्यास पेटी बंद. वा. शून्य ठेवलं आणि एका बड्या लग्नाचं सगळं शूटिंग पेटीत टाकलं. त्याच दुपारी नवरीचे मामा दारात हजर. पिराजीमामा. नवरीच्या पाठीशी उभे राहिलेले आणि फिल्ममध्ये फेट्याच्या तुऱ्यापुरते उरलेले. मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढली कशी, ते दाखवा, नाहीतर मी या पायरीवरून उठत नाही, असं म्हणून ते पायरीवर बसले.

भाऊसोनं पेटी उघडायला घेतली तर पेटीच नाही. घाबऱ्या घाबऱ्या त्यानं धैर्यशीलला फोन लावला. धैर्यशीलनं फोन पुरता वाजू दिला; कानाला फार दिवसांनी बरं वाटत होतं. ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, “पुस्तकात बघ की.” आणि ठेवून दिला.

पुढचं सगळं अक्षतानं केलं. पन्हाळ्यावर सकाळपासून लाईट नव्हती. तिथलं मशीन झोपलेलं, म्हणजे ‘पुसून टाक’ हा हुकूम तिथवर पोचलाच नव्हता. तिनं फोनवरून तिथल्या माणसाला बजावलं, लाईट आली तरी मशीन चालू करायचं नाही. गाडी काढली, मशीन जसंच्या तसं खाली आणलं, बाकीच्यांशी न जोडता त्यातले तुकडे एकेक करून बाहेर काढले. मामा पडद्यावर परत आले, गुलाबी फेट्यात, मंगलाष्टकं चालू असताना जांभई देत. मग सगळ्यांसमोर ती म्हणाली, वाक्य माझं, चूक माझी. आणि तिथल्या तिथं नवं वाक्य लिहिलं. गणपतराव डोळे पुसत म्हणाले, याला म्हणायचं माणूस.

धैर्यशील कोपऱ्यात उभा होता. चूक तिची आणि कौतुकही तिचंच. पन्हाळ्याची लाईटसुद्धा तिच्याच बाजूनं गेली. आणि हे मला कधीचं ठाऊक होतं असं सांगायची सोय नव्हती. मग सांगितलं का नाही, असं कुणीही विचारलं असतं.

म्हणून निपाणी. आणि म्हणून त्या दिवसाचं नवं रूप त्यानं पाहुण्यांसाठी घडवलं होतं, ज्यात अक्षता फक्त घाबरून रडते.

“तर पावणं, भाऊसोचा फोन आला,” धैर्यशील सांगत होता. “बिचाऱ्याच्या तोंडातनं शब्द फुटंना. ‘दादा, शूटिंग गेलं,’ एवढंच म्हटला. दुसरा असता तर इचारत बसला असता, कसं गेलं, कवा गेलं. मी एका दमात सांगितलं, आदी ते शून्य काढ तिथनं, आनि कशाला हात लावू नगंस. आनि गाडीला किक मारली.”

मग गाडीचं वर्णन झालं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, ती त्यानं खालून ओलांडली की वरून, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना. भाऊसो फोन खिशात ठेवतोय तोवर हा कुरुंदवाडच्या दारात. मशीन कण्हत होतं. यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हशीच्या फिरवावा तसा, आणि विचारलं, काय दुखतंय. तेव्हा ते बोललं.

“म्हटलं, धैर्यशीलदादा, शून्य म्हंजे पेटी बंद न्हवं, शून्य म्हंजे पेटीच न्हाय. त्या पुस्तकानं माझा घात केला. आनि पावणं, पोटातनं एकेक तुकडा काढून दिला माझ्या हातात.”

विजयसिंहांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरत मान हलवली. मशीनचा आवाज बाईसारखा की बाप्यासारखा, असं विचारलं. बाईसारखा, पण जरा बसलेला, असं उत्तर आलं. पाहुणे गळाला लागले असं बघून धैर्यशील पुढं सरकून बसला.

“म्हंजे ही शून्याची भानगड तुमाला मशीननंच सांगितली?” विजयसिंहांनी विचारलं.

“मशीननंच. त्येच्या आदी जगात कुणाला ठावं न्हवतं. अक्षताला न्हाय आनि मला बी न्हाय. आईशप्पत.”

विजयसिंहांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि शांतपणे चघळलं.

“मग धैर्यशीलराव,” ते म्हणाले, “तुमी गाडीला किक मारायच्या आदीच फोनवर भाऊसोला ‘शून्य काढ’ म्हटलासा, ते कुणाला इचारून? मशीन तर अजून बोललंच न्हवतं की.”