राहीबाईचा आवाज वाहणारी वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. दोन पदरांची, एका पदराला लाल पिन, दुसऱ्याला पांढरी. गाडीत गाणं वाजवणारा डेक पुढे असतो आणि आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर मागच्या सीटखाली. त्या दोघांच्या मधे, पायाखालच्या मॅटखाली, माझी सारी उमर गेली. तुम्ही म्हणाल, वायरीला कसली आलीय कहाणी! ऐका तर खरं. पण यात हसण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला आठवतं ते भिवंडीतलं अय्युबभाईंचं दुकान. २००२ साल होतं. पूर्णा गावच्या देवेशने नवी जीप घेतली होती. त्याच्या वडिलांनी शेत गोदामवाल्यांना दिलं होतं, आणि जिथे भात पिकायचा तिथे पत्र्याच्या शेड उभ्या होत्या. अय्युबभाईंनी मला हातात धरून ताणलं, उजेडात बघितलं आणि म्हणाले, "चीज अच्छी है. बरसों चलेगी." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले.

माझी कामाची रीत अगदी साधी. डेकमध्ये आवाज जसा चढेल, तशी माझ्यातली वीज चढायची. आवाज उतरला की तीही उतरायची. मधे विचार नाही, हिशेब नाही. इकडे तोंड उघडलं की तिकडे स्पीकर बोललाच. माझ्यात खोड होती, ती लपवत नाही. इंजिनाची घरघर आणि हॉर्नची खरखर मी गाण्यात मिसळायची. देवेश वैतागून मॅटवर पाय आपटायचा. लागायचं मला, पण चूक माझी होती.

देवेशची आत्या राहीबाई त्याच घरात राहायची. लवकर विधवा झालेली, माहेरीच राहिलेली. ती धवलारीण होती. धवलारीण म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांना सांगायला हवं. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी गाण्यातून लावते ती धवलारीण. त्या गाण्याला धवला म्हणतात. दोन्ही घरांतल्या माणसांची नावं त्यात क्रमाने गुंफायची असतात. कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. एकही नाव गाळायचं नाही. ज्याचं नाव गळलं त्याचं वाईट होतं, असं बायका मानायच्या.

राहीबाईने चाळीस वर्षांत कधी नाव गाळलं नव्हतं. घरात तिला दुसरा काही मान नव्हता. भांडी घासायला राहीबाई, गुरांचं बघायला राहीबाई. पण लग्न निघालं की तिला पाटावर बसवायचे आणि पाटील असो की सावकार, तिच्या शब्दावाचून कुणी हलायचा नाही. तेवढंच तिचं होतं, मित्रांनो.

साठीनंतर तिचा आवाज बारीक झाला. मग देवेश इंजिन चालू ठेवून जीप मांडवाला लावायचा, डेकला माइक जोडायचा आणि राहीबाई त्यात गायची. चार वर्षं तिचा आवाज माझ्यातून गेला. घरघरीसकट गेला, पण तिच्या ओठांवर शब्द फुटताच स्पीकरवरही फुटला. "माज्या बोलन्याला हात फुटलं गो," असं ती मागे साथ देणाऱ्या ठकुबाईला म्हणायची. मला किती आनंद व्हायचा म्हणून सांगू!

२००६ साली देवेशच्या बहिणीचं, विनिताचं, लग्न ठरलं. मुलगा वळ गावचा, नाव भाविक. देवेशला हौस दांडगी. अय्युबभाईंकडे जाऊन त्याने नवा डेक घेतला आणि त्याबरोबर एक काळा डबा आणि दोऱ्यासारखी एक वायर. त्या वायरीतून वीज जात नसे, तांबडा उजेड जात असे. आवाजाचे आकडे करायचे, ते उजेडाने लुकलुकत पाठवायचे आणि डब्याने पुन्हा त्यांचा आवाज करायचा. याला डिजिटल म्हणतात. इंजिनाची घरघर तिला शिवतही नव्हती. खोटं कशाला बोलू, ती गुणाची होती. मला वाईट वाटलं, पण तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

त्या डब्यात आवाज थोडा थांबवून सोडायची सोय होती. जवळच्या आणि लांबच्या स्पीकरचा आवाज कानाला एकाच वेळी पोचावा म्हणून. गाणं भरदार वाटतं म्हणून देवेशने ते बटण शेवटपर्यंत फिरवलं. अय्युबभाई म्हणाले, "गाने के लिए ठीक है, देवेशभाई. माइक चलाओगे तो ये बंद रखना, बोलनेवाला गड़बड़ा जाएगा. और पुरानी वायर निकालना मत, पड़ी रहने दो."

"हां, हां," देवेश म्हणाला. त्याचं लक्ष गाण्यात होतं. मी मॅटखाली पडून राहिले, दोन्ही टोकं सुटलेली.

हळदीच्या दिवशी राहीबाई पाटावर बसली. समोर विनिता. राहीबाईने माइक तोंडाशी धरला.

"खाडीचे कडंला मांडव घातिला, इनिता नवरी बैसली पाटाला..."

आवाज असा साफ आला की मांडव गप्प झाला. पण उशिरा आला. पापणी लवावी एवढा उशीर. सीडीच्या गाण्याला त्या उशिराचं काय? ऐकणाऱ्याला पहिला सूर कधी निघाला ते ठाऊकच नसतं. पण गाणाऱ्या बाईला ठाऊक असतं ना! राहीबाई पुढचा शब्द उचलायची आणि मागचा शब्द तिच्याच आवाजात कानावर येऊन आदळायचा. ती अडखळली. पुन्हा धरलं. पुन्हा अडखळली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

तिने माइक खाली घेतला आणि देवेशला हाक मारली. "बाला, माजा आवाज माज्या मागसून येतं रं. मागचाच शबुद परत कानान येतं."

देवेश हसला. "आत्ये, एवढा साफ आवाज गावान कुनाचे मांडवान न्हाय वाजला. तुजा वय झाला, दुसरा काय न्हाय. गा तू."

पाहुण्यांसमोर तिने माइक पुन्हा तोंडाशी धरला. ती गायली. नावांची रांग सुरू झाली. एक नाव दोनदा आलं. एक मागेपुढे झालं. मी खाली ओरडत होते, मला जोडा रे, मला जोडा! पण सुटलेल्या वायरीचं कोण ऐकतं? आणि त्या गोंधळात राहीबाईच्या तोंडून एक नाव गळलं. नेमकं नवऱ्या मुलाचं, भाविकचं.

ठकुबाईने पदर तोंडाला लावला. विनिता रडू लागली. देवेशने माइक हिसकावून गाडीत टाकला आणि सीडी लावली. त्यानंतर दोन वर्षं त्या माइकला कुणी हात लावला नाही.

आठ महिन्यांनी वळच्या एका गोदामात ट्रेलर मागे येत होता. भाविक माल मोजत भिंतीशी उभा होता. तो चिरडून गेला.

पुढचं सांगायला जड जातं. कुणी राहीबाईला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं तिच्याशी बोलणं टाकलं. विनिता पांढऱ्या कपाळाने माहेरी आली आणि आत्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. लग्नांची बोलावणी बंद झाली. ठकुबाई गावभर सांगत सुटली, "राहीचा चित ठिकानावर न्हवता, पोरीचा कुकू तिनंच पुसला." सगळ्यांत वाईट म्हणजे राहीबाईलाही ते खरं वाटू लागलं.

एका दुपारी अंगणात कुणी नव्हतं. ती हळूच जीपमध्ये येऊन बसली आणि काचा वर केल्या. माइक नाही, काही नाही. तोंडातल्या तोंडात तिने तो सगळा धवला म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही घरांतली नावं, जिथल्या तिथे. भाविकचंसुद्धा. एक अक्षर चुकलं नाही. मग तिने कपाळ डॅशबोर्डला टेकवलं आणि म्हणाली, "आता येतं गो सगला. तवा का न्हाय आला?"

माझ्यापाशी उत्तर होतं, मित्रांनो. तिच्या पायाखाली होतं. पण मला तोंड कुठे?

२००८ च्या थंडीत राहीबाई तापाने गेली. तिच्याबरोबर तिचे धवलेही गेले. एका तरी पोरीने ते शिकून घ्यायला हवे होते, पण अपशकुनी बाईपाशी पोरीला कोण पाठवणार?

बाराव्याला गोतावळा जमला. पंगतीला बोलवायला देवेशने तो जुना माइक शोधून काढला आणि डेकला जोडला.

"पाव्... पाव्हन्यांनी जे... जेवाला..."

त्याची जीभ वळेना. तो थांबला. घसा खाकरून पुन्हा बोलला, पुन्हा अडखळला. त्याचाच आवाज मागून येऊन त्याच्या तोंडातला शब्द मोडत होता. माइक हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्याला कळलं. आत्याचं बोलणं आठवलं असेल, अय्युबभाईंचंही आठवलं असेल. तो खाली बसला, मॅट उचलली आणि माझ्या पिना जोडल्या.

दारात विनिता वाढपाचं भांडं घेऊन उभी होती. "काय झाला रं दादा?" तिने विचारलं.

देवेशने तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. सांगेल, आता सांगेल, म्हणून मी जीव मुठीत धरून होते.

"काय न्हाय," तो म्हणाला. "मशीन खराब हाय."

मग त्याने माझ्यातून पंगत बसवली. आवाज घरघरत गेला, पण वेळेवर गेला. पाहुणे जेवले, हात धुतले आणि राहीबाईने नवऱ्या मुलाचं नाव कसं गाळलं ते एकमेकांना सांगत घरी गेले.

जीप भंगारात निघाली, तिच्याबरोबर मीही. मित्रांनो, आम्हा वायरींना जपा असं मी म्हणणार नाही. आम्ही तुटलो तर दुसरी मिळते. पण एखादं म्हातारं माणूस "आवाज मागून येतोय, काहीतरी बिघडलंय" असं सांगत असेल, तर त्याचं वय काढू नका. खाली वाका, मॅट उचला, वायर बघा. मशीन खराब आहे, हे तीन शब्द देवेशच्या तोंडून निघाले. पण ते निघाले, तेव्हा आत्याचं बारावं होतं.