एस्थरबाईंचा आरसा

एस्थरबाईंनी डोक्यावरची हॅट काढली नाही, तेव्हाच त्यांच्या सुनेने, हिल्डाने ओळखलं, की त्या राहतीलच असं नाही. इंग्लंडातल्या डरहमच्या त्या कोळसा-खाणवस्तीत पाहुण्याला दमट अंथरुणात निजवणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणंच. एस्थरबाईंचे यजमान खाणीतल्या विषारी वायूतून तीनदा वाचले आणि, बाईंच्या मते, एका खानावळीतल्या ओलसर चादरीने गेले.

"अंथरूण कोरडं असेल तर राहते. नाहीतर पाचची बस आहेच, जाईन लेकीकडे," सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं.

हिल्डाला आठवा महिना होता आणि तिची स्वतःची आई हयात नव्हती. सासूबाई राहायलाच हव्या होत्या. पण चार दिवस झाले, बाहेरची झिमझिम थांबत नव्हती. शेगडीपुढे टांगलेली चादर ती तासातासाला गालाला लावून बघे. ओली आहे की नुसती गार, काही केल्या उमगत नसे. शेवटी त्या सकाळी खाणीतल्या रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला, कथबर्टलाच तिने पाहुण्यांच्या अंथरुणात ढकललं होतं. माणसाच्या उबेनं तरी सुकेल!

सासूबाईंनी पिशवीतून हातआरसा काढला, दोन चादरींमध्ये सरकवला (ओल असली तर काचेवर वाफ धरते) आणि त्या शेजारी ताठ बसून राहिल्या. पाच मिनिटांनी आरसा बाहेर आला. पांढराफटक, वाफ धरलेला.

हिल्डाचे डोळे भरून आले.

एस्थरबाईंनी मात्र गादीवर तळवा टेकवला, मग उशी उजेडाकडे वळवली. अभ्र्यावर काळी चंद्रकोर उमटली होती.

"कथबर्ट! कानामागचा कोळसा अजून धूत नाहीस का रे?"

"हिनंच झोपवलं मला, आई. ओल घालवायला."

"आणि तू घामाघूम होऊन पडलास, गाढवा! थेट बापावर गेलायस."

"आई, मला खरंच कळेना," हिल्डा म्हणाली, "चादर ओली आहे, की गार."

"अगं पोरी, चाळीस वर्षं झाली संसाराला, मला तरी कुठं कळतंय? उगाच का हा आरसा बाळगते? धर ते टोक. आज मी खुर्चीतच पडेन."

चादर ओढताना हॅट डोळ्यांवर येऊ लागली. बाईंनी तिची टाचणी उपसली आणि हॅट खुंटीला अडकवली.

पाचची बस कोपऱ्यावरून गेली तेव्हा चादर शेगडीपुढे वाफाळत होती, आणि कथबर्ट टपात बसून मुकाट्याने कान घासत होता.