खुर्ची धरलेला माणूस

म्युझियममध्ये येऊन अर्धा तास झाला तरी त्र्यंबकरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून छातीत दुखत होतं. बसस्टॉपपासून बर्फातून येताना दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा त्यांनी बुटाच्या नाडीचं निमित्त केलं.

गुरुवारी लेकीचा, ज्ञानदाचा, पीएचडीचा डिफेन्स होता, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा; त्यासाठीच ते तिच्याकडे परदेशी आले होते. तोवर चकार शब्द काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. घरात कुणाची परीक्षा असली की मोठ्यांनी दुखणं सांगायचं नाही, ही त्यांच्याकडची रीतच. त्यांच्या मॅट्रिकच्या वेळी वडील टायफॉइडने झोपले होते, हे त्यांना शेवटचा पेपर झाल्यावर कळलं.

नऊ वर्षांच्या नातीला, अबोलीला, शाळेने काम दिलं होतं: एका चित्रासमोर दहा मिनिटं बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. तिने निवडलेलं चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं होतं. गरिबाघरची खोली, पलंगावर फिकुटलेली मुलगी, सूप ढवळणारी आई, खुर्चीमागे उभा बाप. त्र्यंबकरावांनी नागपूरला तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. चेहरे मागाहून, आधी हात बघ, असं तिला सांगून ते फेऱ्या मारू लागले. बसलं की घुसमटायचं, चाललं की कळ यायची.

"आजोबा, ती मुलगी फाइन आहे," अबोली म्हणाली. "तिला सूप हवंय. सिक तर डॅडी आहे."

"कशावरून?"

"त्याने चेअर किती टाइट धरलीय. बोटं व्हाइट झालीत. आणि कुणी त्याच्याकडे बघतच नाहीये."

ते वाकले. पेरांवर चित्रकाराने खरंच पांढरा रंग दिला होता. एवढ्या वर्षांत एखाद्याच मुलाला असं दिसलं असेल. शाबासकी द्यायला ते वळले, तर अबोली त्यांच्याच हाताकडे बघत होती. तो बाकाच्या पाठीवर आवळलेला होता.

"तुम्हाला पण बरं नाहीये ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मग हिने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

"बरोबर बघितलंस," ते म्हणाले. "आईला फोन लाव."

"तिची प्रॅक्टिस आहे. तुम्हीच म्हणालात, डिस्टर्ब नको."

"चुकलं माझं. लाव, मी बोलतो."

ज्ञानदाने फोन उचलला. त्यांनी प्रस्तावना न करता सांगितलं, छातीत दुखतंय, सकाळपासून. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, हलू नका. मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

"अगं, तुझा गुरुवार..."

"बाबा, गप्प बसा."

अबोली तोवर गार्डकडे पळाली होती.